लढाईत उतरायचं तर सरकारला संसदेची परवानगी लागते का?

रानपाखरू:
मंडळी, प्रश्न साधा आहे पण सरळ उत्तर कुठेच मिळेना म्हणून इथे टाकतेय. शाळेपासून आपण घोकतो की राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च प्रमुख, आणि धडा तिथेच संपतो. पण प्रत्यक्षात लढाईचा निर्णय कोण घेतं आणि त्याला घटनेत लगाम कुठे आहे? अमेरिकेत युद्ध जाहीर करायचा अधिकार तिथल्या काँग्रेसकडे असतो हे माहितीये, आपल्याकडे तसं कलम शोधायला गेले तर सापडतच नाही, ३५२ आहे पण ते आणीबाणीचं. म्हणजे पंतप्रधान आणि तीन-चार मंत्री बंद दाराआड बसले, ठरवलं आणि सैन्य निघालं असं चालतं का? आणि दुसरं म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे असं सरकारने म्हटलं की कोर्टानेही गप्प बसायचं असतं का? कृपया ह्या पक्षाने काय केलं नि त्या पक्षाने काय केलं ते नको, मला खरंच समजून घ्यायचंय.

कोर्टाचीपायरी:
सापडलं नाही कारण तसं कलम नाहीच. ५३(२) मध्ये सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलंय आणि ७४ प्रमाणे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालणार, म्हणजे निर्णय सरकारचा. पण ५३(२) चा उरलेला अर्धा भाग कोणी वाचतच नाही, त्यात म्हटलंय की ह्या आधिपत्याचा वापर कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणे होईल. शिवाय संघसूचीतली (केंद्राने कायदे करायच्या विषयांची यादी) १५ वी नोंद आहे 'युद्ध आणि शांतता', म्हणजे ह्या विषयावर कायदा करायची पूर्ण मुभा संसदेला आहे. उद्या संसदेने ठरवलं की सैन्य देशाबाहेर पाठवल्यावर अमुक दिवसांत आमच्यासमोर या, तर तसा कायदा होऊ शकतो. पण लढाईत कधी आणि कसं उतरायचं ह्यावर संसदेने आजवर कायदाच केला नाहीये, आणि कायदा नसला तरी सरकारला त्या विषयात काम करता येतं हे सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच राम जवाया कपूर खटल्यात सांगून ठेवलंय (खटला शाळेच्या पुस्तकांच्या छपाईचा होता, पण तत्त्व सगळीकडे लागू). त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, चालतं.

मग लगाम कुठला, तर ७५(३), मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार आहे, विश्वास गमावला की घरी जायचं. आणि पैसा, कारण संसदेने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही. पण हा पैशाचा लगाम कागदावरच दणकट दिसतो, संरक्षण खात्याच्या मागण्या कित्येक वर्षं चर्चेविनाच गिलोटिनमध्ये, म्हणजे वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात त्यात, मंजूर होतात.

जुनीदप्तरं:
वरच्या मुद्द्याला उदाहरणं जोडतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल. १९८७ मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार २९ जुलैला झाला आणि लगेच शांतिसेना श्रीलंकेत उतरली. संसदेचं आधी मतदान वगैरे काही नाही, आणि मार्च १९९० मध्ये ती परत येईपर्यंत आपले हजाराहून जास्त जवान गेले. कारगिलच्या वेळी तर लोकसभाच नव्हती! वाजपेयी सरकार १७ एप्रिल १९९९ ला एका मताने पडलेलं, लोकसभा बरखास्त झालेली आणि मे ते जुलै पूर्ण लढाई काळजीवाहू सरकारने लढवली, राज्यसभेचं खास अधिवेशन घ्या अशी विरोधकांची मागणी होती तेही झालं नाही. पण एक गोष्ट आवर्जून लिहितो की त्या वेळी ३५२ खाली आणीबाणी लावली नव्हती, म्हणजे नागरिकांचे हक्क न गोठवताही लढाई लढता येते हे तेव्हा दिसलं. आणि नंतर कारगिलचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला गेला.

उलटं उदाहरणही आहे. २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एप्रिलमध्ये लोकसभेत मंजूर झाला आणि अमेरिका सैन्य मागत असतानाही जुलैमध्ये सरकारने नकार दिला. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता, पण तो झाल्यावर सैन्य पाठवणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं.

पलटणवाला:
मी काही वर्षं वर्दीत काढलीयेत त्यामुळे थोडं वेगळं मांडतो. आधी संसदेत चर्चा आणि मग हल्ला, हे होऊच शकत नाही, तोपर्यंत समोरचा तयार होऊन बसतो आणि त्याची किंमत पोरं मोजतात. अमेरिकेचं नाव घेता तर तिथलंही बघा, काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ मध्ये, त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं रीतसर घोषणेशिवाय. १९७३ मध्ये निक्सनचा व्हेटो मोडून कायदा केला की अध्यक्षांनी ४८ तासांत कळवायचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य काढून घ्यायचं, तरी पळवाटा निघतातच. म्हणून मला आधीच्या परवानगीचा आग्रह पटत नाही. पण नंतर हिशोब मागितलाच पाहिजे, आणि तो युद्ध चालू असतानाही मागता येतो. १९६२ मध्ये चीन आत घुसलेला असताना ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरलं, खासदार सरकारला उघडपणे धारेवर धरत होते आणि त्याच्या आदल्याच दिवशी, संरक्षण खातं आधीच गमावलेल्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळही सोडावं लागलेलं, मग आपले यशवंतराव दिल्लीला गेले. त्याने सैन्याचं मनोबल खचलं असं कोणी म्हणू नये, उलट आपल्याकडे बूट नि कोट का नव्हते हे कोणीतरी विचारतंय हे जवानाला बरंच वाटतं.

जुनीदप्तरं:
पलटणवाला दादा, आधीच्या परवानगीबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. माझी काळजी युद्ध सुरू कसं होतं ह्यापेक्षा ते संपल्यावर सरकार अधिकार परत कधी देतं ह्याची आहे. तारखा बघा. चीनविरुद्धची आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली, चीनने २१ नोव्हेंबरला लढाई थांबवली, आणि आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये! १९७१ ची ३ डिसेंबरला लागली, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, आणि ती उठली मार्च १९७७ मध्ये. १९७५ ची आणीबाणी सगळ्यांना आठवते पण तेव्हा युद्धाची जुनी आणीबाणी चालूच होती, तिच्यावर दुसरी चढवली हे फार थोड्यांना माहीत असतं.

ह्या लांबलेल्या काळात काय होतं त्याचं एक आपल्याकडचंच उदाहरण सांगतो. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली (आणीबाणीत खटल्याशिवाय डांबायची मुभा देणारे नियम) मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी परवानगी घेऊन मराठीत एक पुस्तक लिहिलं, विषय काय तर अणूचं विज्ञान. ते छापायला बायकोकडे पाठवू द्या असा अर्ज केला तर राज्य सरकारने नकार दिला. हायकोर्टाने परवानगी दिली, तरी सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, युक्तिवाद असा की स्थानबद्धांच्या सवलतींच्या यादीत पुस्तक छापणं नाही. न्या. सुब्बा राव यांनी तो फेटाळला, माणसाकडून नियमाने जेवढं काढून घेतलंय तेवढंच गेलं, बाकीचं त्याचं त्याच्याकडेच राहतं आणि पुस्तकात देशाच्या संरक्षणाला बाधक काहीही नाही. निकाल सप्टेंबर १९६५ चा, म्हणजे पाकिस्तानशी लढाई पेटलेल्याच महिन्यातला. आणीबाणी चालू, युद्ध चालू, तरी कोर्टाने सरकारला विचारलं की ह्या वहीने देशाचं काय बिघडतं ते दाखवा. मला हा निकाल फार मोठा वाटतो.

आणि अकराच वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ ला त्याच कोर्टाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत बेकायदा डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठांना सरन्यायाधीश केलं.

रानपाखरू:
हे संझगिरींचं मला अजिबातच माहीत नव्हतं, थँक्यू. पण मग आता काय परिस्थिती आहे? तसंच परत होऊ शकतं का?

कोर्टाचीपायरी:
जसंच्या तसं होणं अवघड. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बरीच दारं बंद केली. १९७५ मध्ये राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं, आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती घोषणाच करू शकत नाहीत. 'अंतर्गत अशांतता' हे ढगळ कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. संसदेची मंजुरी एका महिन्यात, तीही दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने (एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश), आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. त्यामुळे जुनीदप्तरं म्हणतात तशी पाच-पाच वर्षं आपोआप रेटता येत नाही. शिवाय लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागितलं तर १४ दिवसांत खास बैठक घ्यावी लागते आणि साध्या बहुमताने आणीबाणी उठवता येते. कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) तर आता युद्धातही स्थगित होत नाहीत, आणि जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये प्रायव्हसीच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रद्दच ठरवला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर, पेगॅसस ह्या फोनमधल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २०२१ मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून दरवेळी सरकारला मोकळं सोडता येणार नाही. मणिपूरच्या चकमकींबद्दल २०१६ मध्ये सांगितलं की अफस्पा (अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा) लागू असला तरी जादा बळ वापरल्याची चौकशी होऊ शकते.

पण खरी अडचण अशी आहे की आता आणीबाणी लावायची गरजच उरत नाही. रासुका, म्हणजे १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, शांततेतही चालतो. खटल्याशिवाय १२ महिने आत ठेवता येतं, कारणं साधारण पाच दिवसांत सांगायची पण सार्वजनिक हिताविरुद्ध वाटलं तर माहिती दडवता येते, आणि डांबणं योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर त्या माणसाला वकील मागायचा हक्क नाही. हे सगळं कलम २२ मध्ये बसतं, म्हणजे घटनेनेच हे दार उघडं ठेवलंय. ४४ व्या दुरुस्तीने तेही अरुंद केलं होतं, मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांऐवजी दोनच महिने ठेवता येईल आणि मंडळावर हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनेच नेमणुका होतील असं. संसदेने पास केलं, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त तेवढं एक कलम अमलात कधी आणायचं ते अधिसूचना काढून सरकारने ठरवायचं होतं, आणि ती अधिसूचना जनता सरकारपासून आजपर्यंत एकाही सरकारने काढलेली नाही. त्यामुळे पुस्तकात कलम २२ वाचाल तर खाली तळटीप दिसेल की ही दुरुस्ती अजून लागू नाही, आणि वर जुना तीन महिन्यांचा मजकूरच छापलेला असतो.