चर्चा: भीती लिहून काढल्याने ती उतरते की आणखी घोटली जाते?

शाईदौत
परीक्षा, मुलाखत, पहिलं भाषण, कसलीही धास्ती असो, 'मनातलं लिहून काढ' हा सल्ला ठरलेला. कसं लिहायचं ते मात्र कुणी सांगत नाही. पद्धत पाळली तर उपयोग होतो, असं माझं मत. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहून घेतलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या.

सुटे कागद घ्या, वही नको. गजर लावा. गजर होईपर्यंत पेन थांबवायचं नाही, खाडाखोड नाही, शुद्धलेखन नाही. सुचेनासं झालं तर आधीचंच वाक्य पुन्हा लिहा. लोक चुकतात ते 'मला टेन्शन आलंय' इथे थांबून. 'मला जमणार नाही' लिहिलंत? मग नेमकं काय जमणार नाही, कुणासमोर, आणि नाही जमलं तर पुढे काय? तीन-चार ओळी खाली गेलं की बरेचदा निघतं, 'यंदाही यादीत नाव नसलं तर बाबा काकांना काय सांगतील?' खरी भीती ही असते, पेपर नव्हे.

खडूफळा
साफ अमान्य. आधीच रात्रंदिवस तेच ते उगाळणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं आणखी उगाळायला लावून काय साधणार? २०१३ च्या एका अभ्यासात नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले लोक होते. त्यातले जे आधीच 'असं का झालं' यात अडकले होते, त्यांना भावना लिहिण्यापेक्षा दिवसभरात काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिणं जास्त मानवलं. भाषणाची भीती भाषण करूनच जाते. आधी दोघांसमोर, मग दहा जणांसमोर. कागदासमोर कितीही बोललात तरी पाय थरथरायचे ते थरथरणारच.

सात_बारा
परीक्षेचं गणित वेगळं आहे. २०११ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आलेल्या प्रयोगात परीक्षेआधी १० मिनिटं काळजी लिहून काढलेल्या, जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. काळजी डोक्यातली जागा अडवते, ती मोकळी होते, असं संशोधकांचं स्पष्टीकरण. आपल्याकडे हॉलमध्ये कोरा कागद नेता येत नाही, तेव्हा गेटबाहेरच लिहा, फाडा आणि आत जा.

खडूफळा
अर्धीच गोष्ट सांगताय. 'सायन्स' आणि 'नेचर'मधले २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. १३ टिकले. तुमचा हा टिकला नाही.

सात_बारा
पुन्हा केला तो प्रयोगशाळेतल्या गणितांचा भाग, शाळेतल्या खऱ्या परीक्षेचा नव्हे. पण हमखास गुण वाढतात असं कुणी म्हणू नये, हे मान्य.

कोराकागद
तुम्ही दोघं अभ्यासांवर भांडताय, आणि बहुतेकांचं घोडं अडतं ते भलतीकडेच: कुणीतरी वाचेल. चार जणांच्या खोलीत कुणी खरं लिहीत नाही. वाचणारा डोळ्यांसमोर असला की माणूस आपली बाजू मांडायला लागतो. म्हणून फाडून टाकायचं हे आधीच ठरवा. मोबाईलच्या नोट्समध्ये तर नकोच, घरच्या टॅबवर तेच खातं उघडं असतं.

अंथरुणात पडल्यावर लिहू नका. लिहून झाल्या झाल्या बहुधा आधीपेक्षा वाईट वाटतं, त्या १९८६ च्या प्रयोगातही वाटलं होतं. थोड्या वेळाने ते ओसरतं, पण झोपेचा विचका होतो. लिहिताना असह्य झालं तर विषय सोडा. जुना अत्याचार किंवा अपघात वर येत असेल तर एकट्याने खणू नका, समुपदेशकाबरोबरच करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शाईदौत
उगाळण्याचा मुद्दा रास्त. तो ओळखता येतो. तिसऱ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसासारखंच असेल, एकही नवीन 'कारण' किंवा 'म्हणून' आलं नसेल, तर बंद करा. पुढे सरकत असेल तर चौथ्या दिवशी शेवटची पाच मिनिटं फक्त कृतीला द्या: काय, कधी, कुणाबरोबर.

खडूफळा
मग चौथ्या दिवसापासूनच सुरुवात करा की! आधीचे तीन दिवस कशाला?

शाईदौत
कारण थेट चौथ्यावर उडी मारली तर 'रोज दोन तास जास्त अभ्यास' असंच लिहिलं जातं. भीती काकांची असेल तर दोन तासांनी काय होणार? तिथे कृती एकच, निकालाआधी बाबांशी बोलणं. आणि ती पहिल्या दिवशी कुणी लिहीत नाही.