बॅरल लांब असलं की गोळी खरंच जोरात जाते का?

गुहागरचा_बाळा
नमस्कार मंडळी, घरातला एक जुना वाद मिटवा जरा. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू (०.२२ इंची बारीक गोळीची रायफल) मारलेली, आता घरी स्प्रिंगवाली एअर रायफल आहे आणि रेंजवर पण जायला लागलोय. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) आहे, सिंगल बॅरल, ही लांबलचक. काकांचं म्हणणं नळी जितकी लांब तितका बार लांब जातो, विषय संपला. मित्र म्हणतो सगळं झूट, आर्मीच्या नवीन रायफली बघ केवढ्याशा असतात, त्या मारत नाहीत का. मला क्लबमधून टार्गेटसाठी पॉइंट टू टू घ्यायचीय तर नळी लांब बघू की आखूड? नुसतं "फरक पडतो" नको, किती पडतो ते सांगा.

माजी_हवालदार
आकडे पाहिजेत तर घे, पण तुलना करायची तर काडतूस तेच पाहिजे, नाहीतर कशाला काही अर्थ नाही. रशियन एके-७४ रायफल आणि तिचीच आखूड आवृत्ती एकेएस-७४यू, दोघींना ५.४५ मिलिमीटरचंच काडतूस लागतं. मोठीची नळी ४१५ मिलिमीटर, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. छोटीची नळी २०६ मिलिमीटर, म्हणजे निम्मी, आणि वेग ७३५. नळी निम्मी झाली तरी वेगातले शंभरातले अठराच गेले. पण खूश होऊ नको, गोळीची ताकद वेगाच्या वर्गाने जाते, त्यामुळे ती तिसरा हिस्सा कमी झाली.

असं का, तर दारू पेटली की दाब पहिल्या काही इंचातच शिगेला पोचतो, मग गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढत जाते आणि दाब उतरतो. गोळीला ढकलणं चालूच असतं पण जोर कमी कमी होत जातो. म्हणून मोठ्या रायफलीत २२-२४ इंचाच्या आसपास एक इंच इकडेतिकडे केला तर साधारण सेकंदाला ६ ते ९ मीटरचा फरक, तोही काडतुसाप्रमाणे बदलतो. नळी आधीच आखूड असेल तर मात्र तोच एक इंच महागात जातो.

आणि उरलेली दारू जाते कुठे, तोंडाबाहेर जळते. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीची नळी २५ इंच, तिची आखूड आवृत्ती जंगल कार्बाइन १९४४ ला निघाली ती १९ इंचाच्या आत. वजन कमी, झाडीत फिरवायला झकास, पण भडका झाकायला तोंडावर कर्णा बसवावा लागला आणि दस्त्याच्या मागे रबर लावलं तरी खांद्याला दणका बसायचा तो बसायचाच. तुझा मित्र केवढ्याशा रायफली म्हणतोय ना, त्या गाडीतून चढता-उतरताना आणि घरात शिरताना फिरवता याव्यात म्हणून तशा, फुकटात नाही मिळत ते.

दहा_पॉइंट_नऊ
हवालदारसाहेब, तुमचं बरोबर आहे पण ते सगळं मोठ्या काडतुसाचं, ह्याला टार्गेटची घ्यायचीय. पॉइंट टू टूमध्ये दारू चिमूटभर, १६ ते १८ इंचात तिचं काम आटोपतं, पुढे नळी वाढवून वेग जवळजवळ वाढत नाही, उलट घासून थोडा कमी होऊ शकतो. तरी मॅचच्या रायफलींना २६ इंचाच्या आसपास नळी असते, का? तर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) डोळ्यापासून जेवढी लांब तेवढी नेमातली चूक लवकर दिसते, आणि वजन पुढे गेलं की उभ्याने मारताना टोक कमी डुलतं. काहीजण तर नळीला पुढे पोकळ नळकांडं जोडून माशी त्यावर बसवतात, गोळी त्याला शिवत पण नाही. मॅचच्या गोळीला फार वेग नकोच असतो, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवतात. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं ते ह्याच पॉइंट टू टूवर.

तुझ्या स्प्रिंगवालीची गोष्ट वेगळी. पिस्टन एकदाच ढुशी देतो, हवा तेवढीच, छर्रा पहिल्या काही इंचातच पळायचा तेवढा पळून घेतो. पुढची नळी ही बंदूक मोडून भरताना हाताला तरफ मिळावी म्हणून. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी एअर रायफल) असेल तर टाकीतली हवा मागून येत राहते, तिथे लांब नळीचा खरंच फायदा होतो.

घेण्याआधी रेंजवर दोन-तीन जणांच्या रायफली खांद्याला लावून बघ. उभ्याने दहा मिनिटं धरून हात थरथरला तर टोक जड आहे तुला, मग इंच कितीही असोत.

गुहागरचा_बाळा
भारी, म्हणजे काका पण चूक आणि मित्र पण 😄 आता मित्राचं नवीनच, म्हणतोय काकांची नळी अर्धा फूट कापून घेऊया, करवंदीच्या जाळीत अडकते सारखी.

कातळावरचो_देवगडकर
कापूचो इचार पण करू नको रे मेल्या! विनापरवाना नळी आखूड करणं हा आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली गुन्हा आहे, परवाना तर जाईलच वर तुरुंग. शिवाय चोक, म्हणजे छरे फार पसरू नयेत म्हणून नळी जिथे थोडी अरुंद केलेली असते तो भाग, नळीच्या तोंडाशीच असतो, तोच कापून टाकलास तर छरे वीस पावलांवर सूप भरून पसरतील.

काकांना पण एकदम खोट्यात काढू नको. त्यांच्या आधीच्या पिढीने ठासणीची बंदूक वापरली, तिच्यातली काळी दारू सावकाश जळते म्हणून तिथे नळी लांब लागायचीच. आताच्या काडतुसातली दारू पहिल्या फूट-दीड फुटातच जळून जाते, त्यामुळे बारा बोअरला २८ इंच काय नि ३० काय, वेगात नाव घेण्यासारखा फरक नाही. बागेत फिरताना मात्र २८ बरी हे मी पण मानतो, काजूच्या फांद्या खाली आलेल्या असतात. आणि डुक्कर मारायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, त्यामुळे आम्ही बहुतेक वेळा हवेतच बार काढतो, तिथे नळी किती इंच ते डुकराला काय कळतंय.

लांबीपेक्षा तेलाकडे बघ म्हणावं. पावसाळ्यात खाऱ्या हवेने आतून गंज धरला की छऱ्यांचा काही भरवसा नाही. आणि काकांका ईचार चोक खयचो असा, बहुतेक नळयेरच कोरलेलो आसता.