दादा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय, आणि गटारी तोंडावर आहे

मदत हवी आहे. मोठा भाऊ नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. दिवसभर दुकानात बरा असतो. संध्याकाळी सात वाजले की चुळबूळ सुरू. चपला घालतो, काढतो, पुन्हा घालतो. त्यात गटारी जवळ आलीय आणि जुनी मंडळी 'नुसता चकणा खायला ये' म्हणून फोन करतायत. (असले मित्र!) डायसल्फिरामची गोळी (ही घेत असताना दारू प्यायली की शरीराला जोरदार त्रास होतो) डॉक्टरांनी त्याला नीट समजावून सुरू केलीय. आई ती गुपचूप भाजीत घालू म्हणत होती. मी साफ नाही म्हटलं. न कळत वर दारू पोटात गेली तर जिवावर बेतायचं. एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग तालुक्याला, तीही रविवारीच. बाकीच्या संध्याकाळी तुमच्याकडे कशा काढल्या? आणि त्या मित्रांशी मी बोलू, की त्यानेच बोलावं?