भावाची समरी चालू आहे, वकील कोणता करावा? (बजेट २५ हजार)

माणदेशी_ताई
नमस्कार. धाकटा भाऊ लष्करात शिपाई आहे, १३ वर्षं नोकरी, पलटण सध्या राजस्थानात, पीस स्टेशनला (म्हणजे लढाईचा भाग नाही). आईच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर आला होता. सुट्टी संपल्यावर ४७ दिवस जास्त राहिला, मग स्वतःच जाऊन हजर झाला. आता ओएसएलचा (सुट्टी उलटून राहिल्याचा) चार्ज लावलाय आणि समरी चालू आहे. आधीच्या दोन रेड इंक एंट्री (रेकॉर्डवर लाल शाईने नोंदलेल्या शिक्षा) आहेत. सुभेदार साहेब म्हणतात, कबूल कर, २८ दिवसांत मोकळा होशील. वकील कोणता करावा? २५ हजारांच्या वर खरंच जमणार नाही.

कोर्टाची_पायरी
२५ हजारात काय होणार ताई? दिल्लीचा घ्या, आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या (लष्करी प्रकरणांच्या न्यायाधिकरणाच्या) प्रिन्सिपल बेंचवर रोज उभा राहणारा. लाख-सव्वा लाख बाजूला ठेवा.

जुना_हेडक्लार्क
आधी कुठली समरी ते विचारा, मग दिल्ली-मुंबई करा. समरी ऑफ एव्हिडन्स (एसओई) म्हणजे आर्मी रूल २३ खाली नुसत्या साक्षी लिहून घेणं, त्यात शिक्षा नाही. समरी कोर्ट मार्शल म्हणजे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब एकटेच कोर्ट. शेजारी दोन ऑफिसर किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे) बसतात, पण त्यांना मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि डिसमिसही. शिपायाची पेन्शन १५ वर्षांवर. १३ वर १५ व्हायच्या आत डिसमिस म्हणजे हातात काय राहिलं, बघा.
२८ दिवस ही आर्मी अॅक्टच्या कलम ८० ची (कोर्ट मार्शलशिवाय सीओ देतात ती) कमाल शिक्षा आहे. एसओईनंतरही रूल २४ खाली सीओ केस तिथे मिटवू शकतात, म्हणजे सुभेदार साहेब अगदीच खोटं बोलत नाहीत. पण तसं करायचं की कोर्ट मार्शलला पाठवायचं, हे सीओ ठरवणार. सुभेदारांचा शब्द कुठल्याही कागदावर नाही.

माणदेशी_ताई
एसओईच. पुढच्या आठवड्यात साक्षी आहेत.

काळा_डगला
मग आत्ता वकिलावर पैसे घालवू नका. एसओईत वकील आत बसत नाही. साक्षीदारांना उलट प्रश्न भावानेच विचारायचे असतात, आणि ते प्रश्न उत्तरांसकट लिहावेच लागतात. त्यासाठी पाच-सहा प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत: सुट्टी वाढवायचा अर्ज पलटणीत कुठल्या तारखेला मिळाला? त्याला उत्तर दिलं का? त्याचा फोन कुणी घेतला? हजर झाला तेव्हा त्याला कुणी पकडून आणलं का?
साक्षी इंग्रजीत लिहितात. इंग्रजी येत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगणं बंधनकारक आहे. ते झाल्याशिवाय सही करायची नाही. शेवटी "काही सांगायचंय का" असं विचारतील. बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण जे बोलेल ते पुढे पुरावा म्हणून वापरलं जातं.

एक्स_सिग्नल
पोलीस घरी येऊन गेले का? तसं असेल तर डिझर्शन (पलटण सोडून पळून जाणं) लावतील. सांभाळा.

माणदेशी_ताई
हो, एकदा आले होते. म्हणूनच आई घाबरलीय.

जुना_हेडक्लार्क
उगाच घाबरवू नका हो. पोलिसांना कळवणं हे कलम १०५ चं ठरलेलं काम आहे. ३० दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, तेही ठरलेलंच. त्यानंतर जो परत येत नाही आणि सापडतही नाही, तो डिझर्टर समजला जातो. हा स्वतः आलाय. हजर झाल्याची तारीख आणि वेळ गार्डच्या रजिस्टरात नीट आहे का, एवढं बघायला सांगा.

कोर्टाची_पायरी
सीओशी आधीचं वाकडं असेल तर कलम १३० खाली कोर्टावरच हरकत घ्या. रणजित ठाकूरचा निकाल, सुप्रीम कोर्ट, १९८७. दिल्लीवाल्या वकिलांना हे तोंडपाठ असतं.

काळा_डगला
कलम १३० जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल कोर्ट मार्शलसाठी आहे. कलमाचे शब्द वाचा.

कोर्टाची_पायरी
आणि रणजित ठाकूरची केस कुठल्या कोर्टाची होती? समरी कोर्ट मार्शलचीच ना? मग सुप्रीम कोर्टापेक्षा तुम्ही मोठे का?

काळा_डगला
निकाल तसा आहे, मान्य. पण ताईंनी सीओशी वाकडं असल्याचं कुठे लिहिलंय? त्यापेक्षा २०१६ चा विश्व प्रिया सिंग निकाल कामाचा: समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तेव्हाच करावं. एवढा प्रश्न जरूर विचारा, की स्वतः हजर झालेल्या माणसाच्या केसमध्ये तातडी कसली?

निरा_काठ
कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कलम १४३. डिझर्शन, गैरहजेरी किंवा ओएसएलच्या खटल्यात आरोपीने बचावात सबळ कारण सांगितलं आणि त्यासाठी एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा दाखला दिला, तर कोर्टाने त्या अधिकाऱ्याला लिहून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत कामकाज थांबवायचं. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं असेल तर डॉक्टरचं नाव, हुद्दा, वॉर्ड आणि तारखा एका कागदावर द्या. खाजगी दवाखाना असेल तर हे कलम उपयोगाचं नाही.
आणि भावाला कलम ३९ चे शब्द वाचून दाखवा. "पुरेशा कारणाशिवाय" सुट्टी उलटून राहणं, हा गुन्हा आहे. नुसता उशीर झाला, हा नाही. गिल्टी म्हटलं की कारण पुरेसं नव्हतं हेही कबूल केल्यासारखं, आणि १४३ चा बचाव गेला.

काळा_डगला
हे महत्त्वाचं. गिल्टी म्हटल्यावर साक्षीदार परत बोलावत नाहीत, एसओई वाचतात आणि संपलं. म्हणून जे एसओईत नाही ते जवळजवळ नाहीच.
खटल्याला गेलंच तर चार्जशीट समजावल्यापासून ९६ तास मिळायला हवेत. हातात पडल्याची वेळ लगेच टिपून ठेवा, पुढे यावरून भांडता येतं. रूल १२९ खाली मदतीला माणूस घेता येतो, वकील किंवा कुणीही. तो सल्ला देईल, प्रश्न सुचवेल, पण स्वतः विचारू शकणार नाही. मग त्यासाठी राजस्थानला वकिलाचं भाडं आणि हॉटेल कशाला?

एक्स_सिग्नल
माझंही तेच म्हणणं. ९६ तास मोजा. आणि पोलिसांचं बघा.

जुना_हेडक्लार्क
पैसे पुढच्यासाठी ठेवा. डिसमिस झालाच तर आधी कलम १६४ ची पिटिशन (शिक्षेविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज), मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. नोकरीतून बाहेर पडलेल्याला राहत्या गावाच्या बेंचला जाता येतं, म्हणजे तुम्हाला मुंबई. दिल्लीची गरज नाही. पिटिशनचा निकाल आल्यापासून सहा महिने धरून चाला. फुकट सल्ल्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२५ च्या वीर परिवार योजनेत तिथे मदत केंद्रं आहेत.

कोर्टाची_पायरी
फुकटच्या सल्ल्याने नोकऱ्या जातात. बघा बुवा तुमचं तुम्ही.

माणदेशी_ताई
सगळ्यांचे आभार. काल भावाशी बोलणं झालं. वकील करत नाही. तो म्हणतो, राहिलो हे खरंय, नॉट गिल्टी म्हणून सीओ साहेबांपुढे उभा राहणार नाही. सुभेदार साहेबांवर त्याचा विश्वास आहे. मी १४३ चं आणि ३९ चं वाचून दाखवलं, पण ऐकत नाही. ऑपरेशन सिव्हिललाच झालं होतं. सगळे कागद त्याला पाठवलेत.

निरा_काठ
चूक करतोय. निदान कागद साक्षींच्या वेळीच एसओईला जोडून घ्यायला सांगा. म्हणजे त्याने गिल्टी म्हटलं तरी फाईलमध्ये कारण दिसेल. तसं दिसलं तर कबुली मागे घ्यायला सांगणं हे कोर्टाचंच काम आहे. कागद झेरॉक्स पाठवलेत ना?

माणदेशी_ताई
ओरिजिनल. रजिस्टरने. सुट्टीच्या अर्जाची स्पीड पोस्टची पावतीपण त्यातच आहे. झेरॉक्स काढायची राहिली.

जुना_हेडक्लार्क
उद्या सकाळी सिव्हिलच्या रेकॉर्डला केस पेपरच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज द्या, पोच घ्या. आणि भावाला आजच फोन करा. पाकीट मिळालं की प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो, मगच कुणाच्या हातात द्यायचं.