इंडियानातल्या छोट्या गावात हायस्कूल बास्केटबॉल: ओळखी कशा वाढवाव्यात?

प्रश्न: पुण्याहून नुकतेच इकडे आलोय, मुलगी नववीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या जिममध्ये असतं. आम्हीही जातो, पण कुणाशी बोलणं होत नाही. काय करावं?

उत्तर १: मुख्य सामना बहुधा साडेसातला असतो, त्याआधी ज्युनियर संघाचा. त्यालाच जा. बाकं मोकळी असतात, पालक निवांत असतात. यजमानांच्या बाजूला मधल्या ओळीत बसा. विद्यार्थ्यांच्या घोळक्याजवळ बसलात तर आरडाओरड्यात शेजारच्याचंही ऐकू येत नाही.

उत्तर २: त्याहून उत्तम म्हणजे खाण्याच्या काउंटरवर पाळी घ्या. बूस्टर क्लबला (संघांसाठी पैसे उभे करणारं पालकांचं मंडळ) नेहमी माणसं कमी पडतात. खरी झुंबड १० मिनिटांच्या हाफटाइमला उडते. पॉपकॉर्न तेव्हा फोडायला घेतलं की रांग तुंबलीच! दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर पिशव्या भरून ठेवा, एक-पाच डॉलरच्या सुट्या नोटाही. दोन-तीन शुक्रवारांत लोक नावानं हाक मारतील.

उत्तर ३: आजी-आजोबांना जुन्या संघांबद्दल विचारा. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मिलान शाळेनं मन्सी सेंट्रलला ३२-३० हरवून राज्यविजेतेपद पटकावलं, तो विषय इथे कधीच शिळा होत नाही. आणि सीनियर नाइट, म्हणजे बारावीच्या खेळाडूंच्या सत्काराचा सामना, चुकवू नका, त्या दिवशी त्यांचे आईवडीलही मैदानात येतात.