ड्वार्फ फोर्ट्रेस: लोखंड नसलेल्या किल्ल्यात फौज कशी उभी करायची?

रात्रपाळी:

मंडळी, इथे ड्वार्फ फोर्ट्रेस (ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्यांचा, किल्ला उभारायचा संगणकावरचा खेळ) खेळणारं कोणी आहे का? स्टीमची चित्रांवाली आवृत्ती खेळतोय. किल्ल्याचं तिसरं वर्ष चालू आहे, वस्ती सत्तरच्या पुढे गेली. आत्तापर्यंत फक्त पोरं पळवणारे एकटेदुकटे गॉब्लिन आले, पण आता खरा वेढा पडणार अशी लक्षणं आहेत.

अडचण धातूची. मॅलाकाइट (तांब्याचं खनिज) हवं तेवढं, कॅसिटेराइट (कथलाचं खनिज) बऱ्यापैकी, लिग्नाइट (कोळसा) ही आहे. चुनखडी तर कुदळ माराल तिथे. पण लोखंडाचं खनिज कुठेच दिसलं नाही. म्हणजे स्टीलला लागणारा फ्लक्स (तीच चुनखडी) आहे, कोळसा आहे आणि स्टील मात्र नाही!

दुसरं म्हणजे, दहा जणांची एक तुकडी केली, बॅरॅकचा झोन आखला, तुकडीला तिथे सराव लावून दिला. सगळे जाऊन नुसते उभे राहतात. एकटा कोणीतरी हवेत हात चालवतो, बाकीचे वाट बघतात. शिवाय दोघेजण काही केल्या पूर्ण चिलखत घालत नाहीत. एकाच्या हातात तर कुदळच आहे.

काय देऊ, कोणाला देऊ आणि आधी काय करू?

खाणवाली:

लोखंडाच्या बाबतीत तुम्ही फार लवकर हात टेकलेत. चुनखडी आणि लिग्नाइट दोन्ही आहेत म्हणजे तुमच्या डोक्यावर गाळाचा खडक आहे, आणि हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, लिमोनाइट ही लोखंडाची तिन्ही खनिजं याच थरांत मिळतात. कॅसिटेराइट मिळालं ते बहुतेक खालच्या ग्रॅनाइटात. म्हणजे जिने घालून सरळ खाली गेलात आणि वरचे थर आडवे खणलेच नाहीत, असं मला वाटतं. चुनखडीच्या प्रत्येक पातळीवर नकाशावरची दहा-बारा घरं (चौकटी) सोडून समांतर बोगदे काढा. मॅग्नेटाइट मोठाल्या पुंजक्यांत असतं, असलं तर अशा बोगद्यांच्या तावडीतून सुटत नाही. दोन रिकामे खाणकरी लावून द्या आणि विसरून जा.

तोवर ब्राँझ. या खेळात ब्राँझ लोखंडाच्या तोडीस तोड आहे, त्यामुळे रडायचं कारण नाही. स्मेल्टरच्या यादीत ब्राँझचे दोन पर्याय दिसतील, एक बार वापरून आणि एक कच्चं खनिज वापरून. दुसराच घ्या. एक मॅलाकाइट, एक कॅसिटेराइट, आठ बार, आणि इंधन एकाच कामाचं. तांबं वेगळं, कथील वेगळं आणि मग मिश्रण असं करत बसलात तर कोळसा नुसता जळून जातो. लिग्नाइटचा कोक (भट्टीचं इंधन) करायलासुद्धा पहिलं इंधन लागतं, म्हणून सुरुवातीला लाकूडभट्टीतून थोडा लोणारी कोळसा काढून ठेवा. तांब्याची चिलखतं मुळीच करू नका, ते सगळं तांबं ब्राँझमध्ये घाला.

आता माझं ठाम मत. दहा जणांना अर्धंमुर्धं सजवू नका. चौघांना डोक्यापासून पायापर्यंत सजवा. एका माणसाचा पूर्ण संच म्हणजे दहा-बारा बार सहज जातात, एकट्या ब्रेस्टप्लेटलाच (छातीचं कवच) तीन. लोक आधी ब्रेस्टप्लेटच्या मागे लागतात कारण ती दिसायला भारी, पण मी आधी शिरस्त्राणं करते. डोक्यावर एक हातोडा बसला की बाकीचं चिलखत कोणाला वाटायचं एवढाच प्रश्न उरतो. मग मेल शर्ट (कड्यांचा अंगरखा). तो दंडही झाकतो, ब्रेस्टप्लेट झाकत नाही, आणि पुढे ब्रेस्टप्लेट त्याच्यावरून चढते. मग गॉन्टलेट (हातांचं चिलखत), कारण हात तुटला की शस्त्र गळालं. मग बूट, ग्रीव्ज (पायांचं चिलखत), आणि शेवटी ती ब्रेस्टप्लेट.

ढाल मात्र लाकडाची चालते. वार अडवायला ढालीचा धातू कुठला याने फरक पडत नाही, तिने उलटा तडाखा हाणायचा असेल तरच पडतो. चार ढाली सुताराकडून करून घ्या, तेवढे बार वाचले. आणि ढाल सगळ्यांना हवीच. ड्रॅगनची आग ढालीवर झेलणारा बुटका मी पाहिलाय.

शस्त्रांमध्ये गॉब्लिनांसाठी कुऱ्हाड. हातपाय उडतात, लढाई लवकर संपते. एखादा भाला ठेवा, मोठ्या जनावरांच्या आत खोल जातो. चांदी सापडली तर तिचे वॉर हॅमर करा. चांदी जड, म्हणून चिलखतवाल्यांची हाडं त्याने छान मोडतात.

तुमचे ते दोन बंडखोर बहुतेक खाणकरी आणि लाकूडतोडे असणार. या खेळात खाणकरी, लाकूडतोडे आणि शिकारी यांचा कामाचा स्वतःचा गणवेश असतो, आणि तो सैन्याच्या गणवेशाशी भांडतो. एकतर त्यांचं ते काम काढून घ्या, नाहीतर त्यांना फौजेतून मोकळं करा. माझी पसंती खाणकऱ्यांचं काम काढून घ्यायला, कारण खणून खणून ती मंडळी आडदांड झालेली असतात. वेळ नसेल तर सरळ कुदळच शस्त्र म्हणून द्या. कुदळीने लढताना खाणकामाचं कौशल्यच धरलं जातं, त्यामुळे जुना खाणकरी पहिल्याच दिवशी मुरलेला लढवय्या असतो.

आणि दहांची तुकडी मोडा. दोन-तीन जणांच्या तुकड्या करा, प्रत्येकीला नायक, प्रत्येकीला बॅरॅक. मोठ्या तुकडीत कोणीतरी प्रात्यक्षिक दाखवणार म्हणून सगळे ताटकळतात आणि त्यातला एक झोपायला गेलेला असतो. दोघेच असले की थोड्या दिवसांत एकमेकांवर तुटून पडतात. सरावात खरी शस्त्रं असली तरी जखमा क्वचित होतात, लाकडी शस्त्रांच्या भानगडीत पडू नका. फक्त बॅरॅक विहिरीच्या किंवा खड्ड्याच्या काठावर नको. वार चुकवताना उडी मारतात आणि थेट खाली.

पिंजरेवाला:

एवढा खटाटोप कशाला? दारात लांब बोळ काढा, त्यात पिंजऱ्यांचे सापळे भरा. लाकडी पिंजरा आणि एक मेकॅनिझम (सापळ्याचं यंत्र), झालं. गॉब्लिन रांगेत येऊन अडकतात. पुढे उचलायचा पूल ठेवा. माझ्या किल्ल्यात सैन्य म्हणजे मिरवणुकीपुरतं.

खाणवाली:

सापळे लावाच, मी कुठे नको म्हणते. पण गुहांचे थर उघडलेत की खालून फरगॉटन बीस्ट (गुहेतलं राक्षसी जनावर) येतं, ते सापळ्यावर पाय देऊनही अडकत नाही. उडणारी जनावरं बोळ बघतही नाहीत. त्या दिवशी तुमची मिरवणूक पाहायला यायला आवडेल.

पिंजऱ्यातल्या गॉब्लिनांचा मात्र एक उपयोग आहे. त्यांची शस्त्रं आणि चिलखतं काढून घ्या, मग बंद खोलीत एकेक सोडा, तुमच्या नवशिक्यांच्या अंगावर. जिवंत शत्रूवर हात लवकर बसतो. शिवाय काढून घेतलेला माल लोखंडाचा निघाला तर तुमची अडचण तिथेच थोडी सुटते. गॉब्लिन आणि ड्वार्फ यांचा आकार एकच, त्यामुळे त्यांची चिलखतं आपल्यांना बसतात. जे नको ते वितळवा. माणसांचा माल मोठा होतो, तो अंगावर चढत नाही.

लोखंडाचा आणखी एक रस्ता: शरद ऋतूत आपला ड्वार्फांचा काफिला येतो, त्याच्याबरोबरच्या दूताशी बैठक होते. तिथे लोखंडाचे आणि स्टीलचे बार मागवा. पुढच्या वर्षी जास्त भावाने येतात, पण येतात.

उंबरठा:

धनुर्धाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. लाकडाचे किंवा हाडांचे क्रॉसबो, सरावाला हाडांचे बोल्ट (बाण), लढाईला धातूचे. भिंतीत फॉर्टिफिकेशन (बाण मारायच्या फटी) कोरून मागे चौघे उभे करा. लोखंड नसलेल्या किल्ल्याला यापेक्षा स्वस्त काही नाही.

रात्रपाळी:

खाणवालीताई, चुनखडीच्या तिसऱ्याच पातळीवर लिमोनाइट लागलं! पट्टा बारीक आहे, पण आहे. कुदळवालाही खाणकरीच निघाला, त्याचं काम काढल्याबरोबर शिरस्त्राण घालून उभा.

आता चौघांच्या दोन तुकड्या केल्यात, दोन-दोन जणांच्या. उरलेल्या सहांना घरी पाठवू का? आणि चौघांत एक बाई आहे, तिला नुकतंच मूल झालंय. चालेल ना? बाकी सरावाचं वेळापत्रक कायम ठेवलंय, बारा महिने.

खाणवाली:

अभिनंदन. लिमोनाइटचं लोखंड थेट शस्त्रांत उडवू नका. फ्लक्स आहे, कोक आहे, तर त्याचं पिग आयर्न (स्टीलच्या आधीचा टप्पा) आणि मग स्टील करा. एक पिग आयर्न आणि एक लोखंडाचा बार मिळून स्टीलचे दोन बार होतात. चौघांच्या कुऱ्हाडी आधी स्टीलच्या करा, चिलखत ब्राँझचंच राहू दे.

बाईला आत्ताच काढा. या खेळात आई बाळ कडेवर घेऊनच लढायला जाते. बाळ मेलं तर आई मनाने कोसळते, आणि कुऱ्हाड चालवता येणारी बाई मनाने कोसळलेली असणं कोणत्याच किल्ल्याला परवडत नाही. तिच्या जागी नुकत्याच आलेल्यांपैकी कोणी चीज करणारा किंवा मासे साफ करणारा घ्या. या लोकांचं दुसरं काय करायचं असतं? निवडताना त्याच्या स्वभावाचं पान वाचा. लगेच चिडणारा, लगेच घाबरणारा नको. माझा मुलगा शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवतो, "हा कोणालाच आवडत नाही, घ्या याला."

सहा जणांना तुकडीत नावापुरतं ठेवू नका, घरी पाठवा. त्यातल्या दोघांना उंबरठा म्हणतायत तसे क्रॉसबो द्या.

बारा महिने सराव मात्र बंद करा. वेळापत्रकात आलटूनपालटूनचा पर्याय आहे, तो लावा. सैनिकालाही देवळात जायचं असतं, घरच्यांशी बोलायचं असतं, दारू प्यायची असते. ते मिळालं नाही की आधी तोंड पाडून बसतात, मग खुर्च्या फोडतात, मग एकमेकांना. पहिल्या लढाईनंतर मढी बघूनही हेच होतं, म्हणून मढी लगेच हलवा, शवपेट्या आधीच करून ठेवा.

आणि दवाखान्याचं कोणी विचारत नाही. धागा, कापड, खपच्या, कुबड्या हव्यातच, पण साबण सगळ्यात आधी. राखेपासून लाय (क्षाराचं पाणी), लाय आणि चरबीपासून साबण. साबण नसला की जखमा चिघळतात, आणि लढाईत वाचलेला माणूस खाटेवर पडून मरतो.

वेढा पडला की लोकांना बरोमध्ये (आखून दिलेल्या हद्दीत) आत घ्या आणि बाहेरचा माल फॉरबिड करा (हात लावायला बंदी घाला), नाहीतर मेलेल्या गॉब्लिनाचा एक मोजा आणायला तुमचा सर्वोत्तम लोहार बाहेर धावेल. सध्या तुमचा लोहार कितपत तयार आहे? ब्राँझचा माल त्याच्याकडूनच करून घेताय की जो मोकळा असेल त्याच्याकडून?

रात्रपाळी:

जो मोकळा असेल त्याच्याकडून. आत्ता बदलतो.