मौत का कुआँ: गाडी वर धरून कोण ठेवतं?

जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये फळ्यांच्या उभ्या गोल भिंतीवर बाईक, कार गरगर फिरतात, पण खाली पडत नाहीत. त्याबद्दल दोन मुद्दे मांडले जातात. एक, केंद्रोत्सारी (केंद्रापासून बाहेर ढकलणारं) बल गाडीला भिंतीवर दाबतं; दोन, घर्षण गतीला विरोध करतं, मग ते गाडीला वर कसं धरेल?

आधी दुसरा घेतो. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला, सरसकट गतीला नव्हे. इथे टायर खाली घसरू पाहतो, म्हणून घर्षण वरच्या दिशेला. आपण चालतो तेही घर्षणाच्याच जिवावर.

पहिल्याबद्दल: जमिनीवर उभं राहून पाहिलं तर बाहेर ढकलणारं बल कुठेच नाही. गाडीला सरळ जायचंय, फळ्या तिला आत वळवतात. फळ्यांचा हा आतल्या दिशेचा रेटाच केंद्रगामी बल. तो जितका जास्त, तितकं घर्षण जास्त मिळू शकतं.

समजा त्रिज्या ५ मीटर, घर्षणांक (घर्षण रेट्याच्या जास्तीत जास्त किती पट मिळू शकतं तो आकडा) ०.७. खाली न घसरण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाचा वर्ग = त्रिज्या × ९.८ (गुरुत्व त्वरण) ÷ घर्षणांक = ७०. म्हणजे सेकंदाला साधारण ८.४ मीटर, ताशी ३० किलोमीटर. बस्स! वस्तुमान समीकरणातून उडतं, त्यामुळे मारुती ८०० लाही ढोबळमानाने हाच हिशोब.

जत्रेत नीट बघा, बाईकवाला पूर्ण आडवा नसतो. ताशी ३० च्या या वेगाला तो आडव्या रेषेपासून सुमारे ३५ अंश वर कललेला हवा, नाहीतर गाडी उलटेल. वेग वाढवला की तो आणखी आडवा होतो. फळ्यांवर तेल सांडून घर्षणांक निम्मा झाला, तर मात्र ताशी ४३ च्या आसपास वेग लागेल.